नाव-गाव नसलेलं जुनं आयएसए ग्राफिक्स कार्ड, वर टीएमएस ३४०१० चिप. ओळखायचं कसं आणि टेस्ट कसं करायचं?

जुनापुराणा:

नमस्कार मंडळी, जुन्या सामानाच्या एका लॉटमध्ये एक ग्राफिक्स कार्ड मिळालंय आणि ते काय आहे तेच कळेना. १६ बिट आयएसए (जुन्या पीसीतला कार्ड लावायचा स्लॉट), फुल लेन्थ, म्हणजे केसच्या पार पुढच्या टोकापर्यंत जाणारं धूड, आणि बोटभर जागा सोडली नाहीये, सगळीकडे चिप्स ठासलेल्या. मधे मोठी चौकोनी चिप, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा लोगो, टीएमएस ३४०१० आणि शेवटी ५०. दोन ऑसिलेटर, एक ५० मेगाहर्ट्झ, एक ६४. ब्रूकट्रीची बीटी ४७८ आहे, म्हणजे डॅक, पिक्सेलच्या आकड्यांचा मॉनिटरला लागणारा सिग्नल बनवणारी चिप. सॉकेटमध्ये दोन ईप्रॉम (कार्डाचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिप्स), त्यांच्या स्टिकरवर पेनने नुसतं एल आणि एच लिहिलंय. सेटिंगसाठी आठ-आठ बारीक स्विचचे दोन डिप स्विच. आणि मागच्या पट्टीवर फक्त तीन बीएनसी (गोल केबल कनेक्टर), बाकी काही नाही, व्हीजीएचं कनेक्टर शोधूनही सापडत नाही.

कंपनीचं नाव कुठेच नाही. मागच्या बाजूला ९४व्ही-० असं छापलंय, हाच मॉडेल नंबर का? बऱ्याच चिप्सवर ८९३८, ८९४१ असले आकडे आहेत.

अजून पॉवर दिलेली नाही, मुद्दामच. माझ्याकडे आयएसए स्लॉटवालं ४८६ आहे, एक साधं व्हीजीए कार्ड, मल्टिमीटर, ईप्रॉम प्रोग्रामर आणि दोन चॅनेलचा जुना स्कोप. विचारायचं एवढंच की हे नेमकं काय आहे, आणि ड्रायव्हर मिळायची आशा जवळपास शून्य असताना हे जिवंत आहे की मेलंय हे कळायला काही मार्ग आहे का.

सोल्डरधूर:

पॉवर दिली नाहीस हे एक नंबर काम केलंस. आता आणखी थोडा धीर धर.

पहिली गोष्ट टॅन्टलम कपॅसिटर. थेंबाच्या आकाराचे पिवळे-निळे असतात ते. त्या काळी १२ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचे टॅन्टलम सर्रास लावायचे, ते वर्षानुवर्षं पडून राहिले की शॉर्ट होतात आणि पॉवर दिल्यावर अक्षरशः जाळ निघतो, खालचा ट्रॅक पण घेऊन जातात. मीटर रेझिस्टन्सवर ठेव आणि एज कनेक्टरवर, म्हणजे स्लॉटमध्ये जाणाऱ्या कडेवर मोज. सोल्डरच्या... म्हणजे बी बाजूला, बी१ ग्राउंड, बी३ प्लस ५, बी५ मायनस ५, बी७ मायनस १२, बी९ प्लस १२. प्रत्येक लाइन ग्राउंडला किती ओहम दाखवते ते बघ. प्लस ५ वर एवढ्या चिप्स आहेत म्हटल्यावर आकडा कमीच येणार, त्याला घाबरू नको, पण एक-दोन ओहम आला तर थांब. १२ च्या दोन्ही लाइनी बऱ्याच जास्त यायला हव्यात.

मायनस ५ कुठे जातंय तेही ट्रॅकवरून बघून ठेव. नवीन एटीएक्स सप्लायमध्ये मायनस ५ नसतंच, आणि कार्डाला ते लागत असलं तर तू उगाच कार्डाला मेलेलं समजशील.

ईप्रॉमवरचे स्टिकर काढू नकोस. खाली काचेची खिडकी असते, यूव्ही लागलं की डेटा हळूहळू उडतो, आणि तुझ्या केसमध्ये तो डेटा म्हणजेच कार्डाची एकमेव ओळख आहे.

बीपकोड:

इतका त्रास कशाला राव. स्लॉटमध्ये टाक आणि चालू कर, एक लांब दोन छोटे बीप आले की समजायचं कार्ड गेलं. शोकेसमध्ये ठेव, दिसायला भारी आहे.

रॉमवाचक:

बीपकोड भाऊ, इथे ते बीप आलेच पाहिजेत, कार्ड ठणठणीत असलं तरी! बायोस बूटला व्हीजीए किंवा त्याच्या आधीचं सीजीए-मोनो शोधतं, आणि या कार्डात त्यातलं काहीच नाही. असली कार्डं कॅडवाल्यांसाठी असायची, डॉस दिसायला एका मॉनिटरवर साधं व्हीजीए आणि ड्रॉइंग दुसऱ्या मोठ्या मॉनिटरवर. म्हणून तुझ्याकडचं व्हीजीए कार्ड सोबत लावूनच टेस्ट करायची.

आता ओळखीचं. ९४व्ही-० मॉडेल नंबर नाही, बोर्डाचं मटेरियल आग कितपत धरतं त्याचं यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचं रेटिंग आहे, जगातल्या निम्म्या बोर्डांवर तेच सापडेल. त्याच्या शेजारी ई ने सुरू होणारा नंबर असेल तर तो पीसीबी बनवणाऱ्याचा, कार्ड डिझाइन करणाऱ्याचा नाही, त्यामागे धावू नको. ८९४१ म्हणजे १९८९ चा ४१ वा आठवडा, तेव्हा कार्ड त्या वर्षाच्या अखेरीला किंवा नंतर जुळवलं गेलं. सगळ्यात नवीन तारीख कुठल्या चिपवर आहे ते बघ, तीच खरी. एफसीसी (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) आयडीचं लेबल कुठे आहे का शोध, पट्टीच्या आतल्या बाजूला किंवा लांबच्या कडेला चिकटवलेलं असतं. त्यातली पहिली तीन अक्षरं कंपनीचा कोड, ती एफसीसीच्या साइटवर टाकली की नाव मिळतं. त्या काळातल्या अर्जांची कागदपत्रं सहसा तिथे नसतात पण नाव मिळालं तरी मासिकांच्या स्कॅनमध्ये शोधायला धागा हाती येतो.

चिपबद्दल थोडं सांगतो कारण टेस्टिंगची सगळी गंमत तिथेच आहे. टीएमएस ३४०१० नुसती ग्राफिक्स चिप नाही, अख्खा ३२ बिट प्रोसेसर आहे, १९८६ साली आला, त्याच्या इन्स्ट्रक्शनमध्येच पिक्सेल हलवणं, भरणं वगैरे आहे आणि मेमरीचा पत्ता बाइटने नाही तर बिटने मोजतो. आर्केडवाल्यांनी पण तोच वापरला, १९९२ चं मॉर्टल कॉम्बॅट याच चिपवर चालायचं. म्हणजे तुझ्या स्लॉटमध्ये दुसरा कॉम्प्युटरच बसणार आहे. या कार्डांसाठी टीआयने टिगा नावाचा इंटरफेस काढला होता, विंडोज ३.१ मध्ये टिगाचा डिस्प्ले ड्रायव्हर सोबतच यायचा. पण त्याच्या खाली लागणारा कम्युनिकेशन ड्रायव्हर ज्या त्या कार्डाचा वेगळा, कंपनीनेच द्यायचा, आणि तीच फ्लॉपी आता कुठे मिळत नाही. रडारड सगळी तिथे आहे.

तर आधी दोन्ही ईप्रॉम वाच. चिपचा बस १६ बिटचा, त्यामुळे एल मध्ये खालचा बाइट आणि एच मध्ये वरचा. वेगवेगळे उघडलेस तर शब्दांची एकाआड एक अक्षरं दिसतील, दोन्ही फाइली बाइटला बाइट गुंफल्या की वाचता येतील. गुंफण बरोबर झाली का हे ताडायला एक सोपी खूण आहे. ३४०१० रिसेटनंतर पहिला पत्ता मेमरीच्या अगदी शेवटच्या ३२ बिटांतून उचलतो. म्हणजे जोडलेल्या फाइलचे शेवटचे चार बाइट एक पत्ता असायला हवेत आणि कोड रॉममध्येच असल्याने तो पत्ता वरच्या टोकाचा, एफएफ ने सुरू होणारा असायला हवा. लिटल एंडियन आहे हं, उलटं वाच. तसा दिसला नाही तर एल-एच अदलाबदल कर. डिसअसेंबल करायला मेम या आर्केड एम्युलेटरसोबत येणारं युनिडॅझम वापर, त्याला ही चिप कळते.

जुनापुराणा:

वा, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना.

मोजलं. प्लस ५ ला साधारण ४० ओहम. मायनस १२ ला काही जोडलेलंच नाही, मायनस ५ ला पण नाही. प्लस १२ वर मात्र ३ ओहम! शोधत गेलो तर त्या लाइनवर दोनच टॅन्टलम, एक उचलला आणि शॉर्ट गायब, काढलेला मीटरवर सरळ आरपार. त्या जागी २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक लावलाय.

रॉम दोन्ही दोनदा वाचले, दोन्ही वेळा चेकसम तोच. गुंफल्यावर शेवटचे चार बाइट उलटे वाचले तर एफएफ ने सुरू होतायत, म्हणजे एल-एच बरोबर. स्ट्रिंग्जमध्ये कॉपीराइट १९८९ आहे, एक व्हर्जन नंबर आहे, आणि त्यापुढे कंपनीचं नाव असायला हवं तिथे चक्क मोकळ्या जागा भरल्यात. म्हणजे कोणीतरी दुसऱ्यांच्या नावाने विकायला बनवलेलं दिसतंय. एफसीसीचं लेबल नाही, चिकटपणाचा चौकोन तेवढा आहे.

आता पॉवर देऊ का? आणि दिल्यावर बघू काय, तीन बीएनसीत लावायला मॉनिटरच नाही माझ्याकडे.

स्कोपवाली:

मॉनिटर आत्ता लावूच नकोस, जुना फिक्स्ड फ्रिक्वेन्सी सीआरटी चुकीच्या सिंकवर (रेघ आणि चित्र कधी सुरू होतं ते सांगणारा सिग्नल) खराब होऊ शकतो. तीनच बीएनसी आहेत म्हणजे सिंक हिरव्यात मिसळलेला असणार. आधी स्कोप.

माझी पद्धत सांगते. ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी मॅनेजर) काढून टाक, बायोसमध्ये सी-डी सेगमेंटचं शॅडो (त्या पत्त्यांवरच्या रॉमची रॅममध्ये कॉपी) बंद, बस ८ मेगाहर्ट्झच्या आसपास. कार्ड नसताना डॉसच्या डीबगने सी, डी सेगमेंटचा डंप घेऊन ठेव, मग कार्ड लावून परत घे. जिथे कोणी नाही तिथे सहसा एफएफ दिसतात, कार्डाने जी जागा व्यापली तिथे फरक दिसेल. डिप स्विच हलवलास की ती जागा सरकते का तेही कळेल, म्हणजे स्विचचा तक्ता आपोआप तयार होतो. मेमरीत काहीच फरक नसेल तर आय-ओ पोर्टवर असेल, पण आधी मेमरीत बघ.

चिपवर स्कोप लावायचा तो एलसीएलके१ आणि २ वर. हे चिपनेच बाहेर काढलेले क्लॉक, इनपुटच्या आठव्या भागाने चालतात, तुझा ५० चा ऑसिलेटर आहे म्हणजे ६.२५ मेगाहर्ट्झ यायला पाहिजे आणि दोन्ही एकमेकांपासून पाव सायकल सरकलेले. हे आले की चिपचा जीव आहे.

मग होस्ट रजिस्टर. ३४०१० ला पीसीशी बोलायला १६ बिटचे चारच आहेत, पत्त्याचे दोन, डेटाचा एक, कंट्रोलचा एक. पत्त्याच्या वरच्या रजिस्टरमध्ये ५५५५ लिही, वाच, मग एएएए लिही, वाच. वरच्यातच कर, खालच्यातले शेवटचे चार बिट चिप धरत नाही, उगाच फॉल्ट वाटतो. एखादाच बिट कायम चिकटलेला दिसला तर चिपला दोष देण्याआधी एजजवळचे ७४ सिरीजचे बफर (स्लॉट आणि चिपमध्ये सिग्नल पोचवणाऱ्या चिप्स) बघायचे. हे जमलं की कंट्रोलमधला हॉल्ट बिट लावायचा आणि पत्ता देऊन कार्डाची अख्खी मेमरी पीसीतून वाचता-लिहिता येते. ड्रायव्हर लागत नाही, छोटासा सी प्रोग्रॅम पुरतो. लक्षात ठेव, पत्ते बिटमध्ये, पुढचा वर्ड १६ ने पुढे.

रॉमवाचक:

यात भर, हॉल्ट केल्यावरही व्हिडिओ टायमिंग आणि रिफ्रेश चालूच राहतं, तेव्हा घाबरू नको. आणि रॉमने स्वतःच डिस्प्ले सेट केला असेल तर मॉनिटर कुठला लागतो हे चिपलाच विचारता येईल. तिचे आय-ओ रजिस्टर हेक्समध्ये सी आणि पुढे सात शून्य या पत्त्यापासून सुरू होतात, त्यातला चौथा एचटोटल, आठवा व्हीटोटल. दोन्हीत एक-एक मिळवायचा. एचटोटल व्हिडिओ क्लॉकमध्ये मोजतात, आणि तो क्लॉक म्हणजे ६४ चा ऑसिलेटर ४, ८ किंवा अशाच कशाने भागलेला.

जुनापुराणा:

चालू केलं!!! धूर नाही.

एलसीएलके दोन्ही ६.२५. डी सेगमेंटमध्ये बरोबर एक तुकडा बदललेला दिसला आणि पहिल्या डिप स्विचचे पहिले तीन हलवले की तो सरकतो. ५५५५ आणि एएएए दोन्ही जसंच्या तसं परत आलं. एचटोटल १६५, व्हीटोटल ८०३. व्हिडिओ क्लॉक ८ मेगाहर्ट्झ आहे, चिपच्या पिनवर मोजला, म्हणजे १६६ भागिले ८ मेगाहर्ट्झ, एक रेघ २०.७५ मायक्रोसेकंदांची, ४८.२ किलोहर्ट्झ. त्याला ८०४ ने भागलं की ५९.९ हर्ट्झ. म्हणजे १०२४ बाय ७६८, नॉन इंटरलेस्ड, १९८९ साली! हिरव्या बीएनसीवर ७५ ओहम लावून स्कोपवर बघितलं तर ०.३ व्होल्टचे सिंक पल्स तेवढ्याच अंतरावर आहेत. पण वर व्हिडिओ काही नाही, सपाट काळं.

एक एलसीडी सिंक ऑन ग्रीन घेतो तो मिळाला, त्यावर १०२४ बाय ७६८ असं नाव येतं आणि मग काळा पडदा. सगळ्या व्हीरॅममध्ये (कार्डाच्या चित्राच्या मेमरीत) वेगवेगळे पॅटर्न लिहून वाचले, एकही एरर नाही. मग दिसत का नाही?

बीपकोड:

मागे मी बोललो ते परत घेतो, चालू ठेवा, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

स्कोपवाली:

बीटी ४७८ चा पॅलेट (रंगांचा तक्ता) कोणी भरलाय का? ३४०१० मध्ये पॅलेट नसतो, तो डॅकमध्ये, आणि पॉवर आल्यावर त्यात काय असेल त्याचा भरवसा नाही. शिवाय त्यात पिक्सेल मास्क नावाचं रजिस्टर आहे, प्रत्येक पिक्सेल त्याच्याशी अँड होऊन जातो. त्यात शून्य पडलेला असला तर मेमरीत काहीही भर, पडद्यावर एकच रंग. मास्कमध्ये एफएफ लिही, मग २५६ पायऱ्यांचा करडा पॅलेट.

डॅक चिपच्या कुठल्या पत्त्यावर आहे हे रॉममधून काढावं लागेल. एकाच पत्त्यावर ७६८ वेळा लिहिणारा लूप शोध, २५६ गुणिले ३, पॅलेटशिवाय दुसरं कोणी तसं करत नाही.

जुनापुराणा:

लूप सापडला! रॉममध्ये तो आहे पण पीसीकडून कमांड आल्याशिवाय तिथे जातच नाही, म्हणून काळं. मास्क आणि पॅलेट स्वतः लिहिला आणि पडदा उजळला, डावीकडून उजवीकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पट्टा भरला, काय सुंदर दिसतंय, ३५ वर्षांहून जुन्या कार्डावर इतकं स्वच्छ चित्र येईल असं वाटलं नव्हतं.

पण एक लफडं आहे. काळ्या भागात बारीक उभ्या रेषा, फिकट करड्या, वरपासून खालपर्यंत, अगदी समान अंतरावर. जवळ जाऊन मोजलं तर दर चौथा पिक्सेल. सगळा पडदा पांढरा भरला की रेषा गायब, सगळा काळा भरला की परत हजर. आणि मेमरी टेस्ट अजूनही शंभर टक्के पास! हे कसं काय?

स्कोपवाली:

कारण व्हीरॅमला दोन दरवाजे असतात. प्रोसेसर एका पोर्टने लिहितो-वाचतो, पडद्याकडे जाणारा डेटा दुसऱ्या, सीरियल पोर्टमधून बाहेर पडतो. तुझी टेस्ट पहिल्याच दरवाजाने आत जाऊन त्यानेच बाहेर येते, दुसरा बंद असला तरी तिला पत्ता लागत नाही.

आता हिशेब कर. व्हीरॅम आठ आहेत का, २५६ के बाय ४ चे? म्हणजे १ एमबी, आणि सीरियल बाजूला आठ गुणिले चार, ३२ बिट, एका वेळी चार पिक्सेल बाहेर. दर चौथा पिक्सेल बिघडतोय म्हणजे त्या चारातला एक ठरावीक. रेषा फिकट आहे, शून्याच्या जागी बहुतेक १५ येतंय, म्हणजे खालचे चारही बिट एक झालेत. चार बिट म्हणजे बरोबर एक चिप. आठातली एकच उरली.

चारही एकदम एक होणं हे मला चिप मेल्यासारखं वाटत नाही. मेली असती तर एखादा बिट चिकटला असता किंवा कचरा आला असता. त्या चिपचा सीरियल इनेबल पिन बघ. तो खाली ओढला गेला नाही तर चिप आपले चारही आउटपुट सोडून देते, आणि पुढे टीटीएल (७४ सिरीजसारखी लॉजिक चिप) असेल तर लटकलेला इनपुट एक म्हणूनच वाचला जातो.

सोल्डरधूर:

+१. आणि चिप बदलायचीच वेळ आली तर एक सांगून ठेवतो, २५६ के बाय ४ चं साधं डीरॅम मिळतं ते घेऊन बसू नको, क्षमता तीच पण पाय २० आणि सीरियल पोर्ट नाही. व्हीरॅमला २८ पाय असतात. झिप पॅकेज (सगळे पाय एकाच कडेला, चिप उभी) असेल तर आधी पाय कापून एकेक उपसायचे, अख्खी चिप ओढायला गेलास की आतले थ्रू होल घेऊन येते.

जुनापुराणा:

आठच आहेत, झिप पॅकेज. सापडली ती चिप, तिच्या सीरियल आउटपुटवर बाकीच्यांसारखी हालचाल नाही, १.५ व्होल्टच्या आसपास लोंबकळतायत. सीरियल इनेबल शेजारच्या चिपवर शून्य, हिच्या पायावर पण शून्यच दिसला आणि मी चक्रावलो, मग लक्षात आलं की प्रोब टेकवला की रेषा जातात आणि उचलला की येतात! पायाला दाब बसला की जोडला जातोय. भिंगाखाली सोल्डरभोवती गोल भेग दिसली. फ्लक्स लावून परत सोल्डर केलं, आता काळा पडदा नुसता काळा.

पुढे काय करू? टिगाचा कम्युनिकेशन ड्रायव्हर लिहिणं माझ्या आवाक्यातलं वाटत नाही.

रॉमवाचक:

ड्रायव्हरचं नंतर बघू. टिगाची आणि ३४०१० ची टीआयची मॅन्युअलं बिटसेव्हर्स या जुन्या कागदपत्रांच्या साइटवर स्कॅन केलेली आहेत, होस्टकडून कोड चढवून चिप सुरू कशी करायची ते त्यात सविस्तर आहे, आणि होस्ट रजिस्टरचा पत्ता तुला आता माहीत आहेच. आधी दुसऱ्या कुठल्या नावाजलेल्या कार्डाचा ड्रायव्हर घेऊन त्यातला पत्ता बदलून चालतो का ते बघता येईल, पण पत्त्याबरोबर त्यांचा मेमरी मॅप पण वेगळा असतो म्हणून मला फार आशा नाही.

त्याआधी रॉमच्या दोन्ही फाइली वेगवेगळ्या, न गुंफता, चेकसमसकट चढव. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पण, चिप्सवरचं वाचता येईल असे, आणि डिप स्विच तुला मिळाले तेव्हा कसे होते ते लिही. पॅल चिप्स (प्रोग्रॅम करता येणाऱ्या लॉजिक चिप्स) किती आहेत आणि कुठल्या? त्या सिक्युरिटी फ्यूज (आतलं वाचता येऊ नये म्हणून) उडवलेल्या नसतील तर तुझा प्रोग्रामर त्या वाचतो का तेही बघून सांग.

जुनापुराणा:

पाच पॅल आहेत, सगळ्या सॉकेटमध्ये, नंबर खरवडलेले नाहीत. रॉम आणि फोटो आज चढवतो, पॅलचं बघून सांगतो. स्विचचा मूळ फोटो आहे माझ्याकडे, पहिला स्विच सगळा बंद होता, दुसऱ्याचे तीन आणि सात चालू. त्या दुसऱ्या स्विचने अजून तरी काही फरक पडलेला दिसला नाही.

स्कोपवाली:

दुसऱ्याचे ट्रॅक इंटरप्टच्या पिनांकडे जातात का बघ, बी४ आणि बी२१ ते बी२५, शिवाय डी३ ते डी७. तसं असेल तर ड्रायव्हरशिवाय त्याचा फरक दिसणारच नाही.